मेमरी कार्डावरील चिन्हे : त्यांचा अर्थ आणि त्यांची मर्यादा

बाजारात धान्य तोलण्यासाठी जी वजने वापरतात त्यांवर सरकारी मुद्रा उमटविलेली असते. ती मुद्रा एकाच गोष्टीची साक्ष देते : हे वजन प्रमाणाशी ताडून पाहिलेले आहे. तांदूळ जुना की नवा, त्यात खडे किती, दुकानदार सचोटीचा आहे की नाही, ह्यांविषयी ती काहीच सांगत नाही. आणि गिऱ्हाईकही तिच्याकडून तशी अपेक्षा करीत नाही. कोणतेही चिन्ह वाचताना हाच विवेक ठेवावा लागतो. चिन्ह कोणी दिले, कशाविषयी दिले आणि त्याच्या कक्षेबाहेर काय राहिले, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असली तर ते उपयोगी पडते. नाहीतर ते भलताच विश्वास निर्माण करते.

संगणक, कॅमेरा आणि मोबाइल ह्यांत बसविण्याच्या मेमरी कार्डाच्या बाबतीत हा विवेक विशेष आवश्यक झाला आहे. अंगठ्याच्या नखाएवढ्या ह्या वस्तूच्या वेष्टनावर आठ-दहा चिन्हे दाटीने छापलेली असतात आणि त्यांतील बरीचशी एकमेकांसारखी दिसतात. शाळेतील समारंभांची छायाचित्रे, विद्यार्थ्यांची माहिती, ग्रंथालयातील जीर्ण ग्रंथांच्या पानांच्या प्रतिमा पुष्कळदा अशाच कार्डावर साठविल्या जातात. चिन्हाचा अर्थ लावण्यात चूक झाली तर ही माहिती नष्ट होण्याचा किंवा परक्याच्या हाती पडण्याचा संभव असतो. म्हणून ही चिन्हे क्रमाने समजून घेऊ.

कार्डाच्या आत काय असते

मेमरी कार्डात मुख्यतः दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे फ्लॅश पद्धतीची स्मृती. हिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्‌भार कोंडून ठेवता येतो आणि वीज बंद केली तरी तो टिकून राहतो. ही पद्धती जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका ह्या संशोधकाने विकसित केली व १९८४ मध्ये जगापुढे मांडली. आजच्या कार्डांत वापरला जाणारा तिचा नँड नावाचा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. दुसरा भाग म्हणजे नियंत्रक. हा एक लहानसा संगणकच होय. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवावयाची, झिजलेले कप्पे कसे टाळावयाचे, हे सर्व तोच ठरवितो. कॅमेरा किंवा संगणक प्रत्यक्ष कप्प्यांना कधीच भिडत नाही. तो नियंत्रकाशी बोलतो आणि नियंत्रक जे सांगेल ते खरे मानतो. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

आज सर्वत्र प्रचलित असलेले एसडी कार्ड मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक), सॅनडिस्क व तोशिबा ह्या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. त्याची लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४ मिलिमीटर व जाडी २.१ मिलिमीटर असते. २००० साली ह्या कंपन्यांनी एसडी असोसिएशन ही संस्था स्थापन केली. कार्डांची प्रमाणे ठरविणे हे तिचे कार्य. मोबाइलमध्ये बसणारे मायक्रोएसडी कार्ड २००५ मध्ये प्रमाणित झाले. ते १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि फक्त १ मिलिमीटर जाड असते.

‘सिक्युअर’ ह्या शब्दाचा खरा अर्थ

एसडी ही दोन अक्षरे ‘सिक्युअर डिजिटल’ ह्या शब्दांची आद्याक्षरे होत. सिक्युअर म्हणजे सुरक्षित. त्यामुळे हे चिन्ह असलेल्या कार्डावर ठेवलेली माहिती आपोआप सुरक्षित राहते असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज चुकीचा आहे. कार्ड हरवले आणि ते दुसऱ्या कोणाला सापडले तर तो ते आपल्या संगणकात घालून त्यातील प्रत्येक छायाचित्र व प्रत्येक कागद पाहू शकतो. त्याला परवलीचा शब्द विचारला जात नाही.

मग हा शब्द आला कोठून? १९९८-९९ च्या सुमारास संगीताच्या फाइली संगणकावरून सहज नकलून घेता येऊ लागल्या होत्या आणि ध्वनिमुद्रिकांचे प्रकाशक चिंतेत पडले होते. विकलेले गाणे एका कार्डावरून दुसऱ्यावर मुक्तपणे उतरविता येऊ नये, अशी व्यवस्था त्यांना हवी होती. ह्यासाठी आयबीएम, इंटेल, मात्सुशिता व तोशिबा ह्या चार कंपन्यांनी सीपीआरएम नावाची पद्धती सिद्ध केली आणि एसडी कार्डात तिच्यासाठी एक वेगळा, संरक्षित विभाग राखून ठेवण्यात आला. येथे सुरक्षित करावयाचे होते ते प्रकाशकाचे हक्क. आणि ज्याच्यापासून सुरक्षित करावयाचे होते तो कार्डाचा मालकच होता. मालकाच्या खाजगी माहितीचा ह्या योजनेत विचार नव्हता. सर्वसाधारण छायाचित्रे व कागदपत्रे ह्या संरक्षित विभागात ठेवली जात नाहीत.

बोधचिन्हाचा इतिहासही असाच दिशाभूल करणारा आहे. त्यातील डी हे अक्षर चकतीसारखे रेखाटलेले दिसते. वस्तुतः कार्डात चकती नसते. हे चिन्ह मुळात तोशिबाने ‘सुपर डेन्सिटी’ नावाच्या प्रकाशीय चकतीसाठी तयार केले होते. १९९५ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांचा समेट होऊन डीव्हीडी हे एकच प्रमाण मान्य झाले, त्या चकतीचे नाव मागे पडले आणि तिचे चिन्ह पुढे कार्डाच्या वाट्यास आले.

कुलूप नसलेले कुलूप

मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेला एक सरकती पट्टी असते व तिच्याजवळ ‘लॉक’ हा शब्द छापलेला असतो. हिच्यामुळेही गैरसमज होतो. पट्टी सरकविली तरी कार्ड वाचण्यास कोणतीही आडकाठी येत नाही. तिचा हेतू फक्त नवे लेखन व खोडणे थांबविण्याचा आहे. हे कामही ती स्वतः करीत नाही. पट्टीचा कार्डातील विद्युत्‌मंडलाशी संबंध नसतो, ती कोणत्या जागी आहे हे नियंत्रकाला कळतच नाही. ज्या उपकरणात कार्ड बसवावे त्याच्या खाचेतील एक कळ पट्टीची जागा पाहते आणि ते उपकरण लेखन थांबविते. उपकरणाने तिकडे दुर्लक्ष केले तर लेखन होऊ शकते. दारावर लावलेल्या ‘आत येऊ नये’ ह्या पाटीइतकीच ह्या पट्टीची सत्ता. मायक्रोएसडी कार्डाला तर ही पट्टीही नसते.

एसडीच्या प्रमाणात सोळा बाइटपर्यंतचा परवलीचा शब्द देऊन कार्ड बंद करण्याची सोय आहे हे खरे. परंतु फार थोडी उपकरणे तिचा उपयोग करतात आणि तिच्यामुळे कप्प्यांतील माहितीचे रूप बदलत नाही. पेटी बंद होते, आतील पत्र मात्र साध्या लिपीतच राहते.

क्षमतेची चिन्हे

आता इतर चिन्हांकडे वळू. एसडीच्या पुढे जी अक्षरे जोडलेली असतात ती क्षमतेचा वर्ग दाखवितात. नुसते एसडी असेल तर क्षमता २ गीगाबाइटपर्यंत. एसडीएचसी असेल तर २ पेक्षा अधिक व ३२ पर्यंत. एसडीएक्ससी असेल तर ३२ गीगाबाइटपेक्षा अधिक व २ टेराबाइटपर्यंत. आणि एसडीयूसी असेल तर त्याहून अधिक, १२८ टेराबाइटपर्यंत. हे वर्ग अनुक्रमे १९९९, २००६, २००९ व २०१८ ह्या वर्षी पुढे आले.

आकार एकच असल्याने नव्या वर्गाचे कार्ड जुन्या उपकरणात सहज शिरते. ते चालेलच असे मात्र नाही. एसडीएचसीपर्यंतच समजणाऱ्या जुन्या उपकरणात एसडीएक्ससी कार्ड घातले असता ‘हे कार्ड फॉरमॅट करावे काय?’ असा प्रश्न पडद्यावर येण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘होय’ म्हटले की कार्डावरील माहिती जाते. कार्ड बिघडलेले नसते; उपकरणाला त्याची भाषा कळत नसते, एवढेच. अशा प्रसंगी कार्ड काढून घेणे हाच योग्य मार्ग होय.

६४ गीगाबाइटचे कार्ड संगणकात घातले की त्याची क्षमता सुमारे ५९.६ दिसते. ही फसवणूक नव्हे. उत्पादक एक गीगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो; विंडोजसारख्या प्रणाली मात्र १,०२४ × १,०२४ × १,०२४ म्हणजे सुमारे १०७.४ कोटी बाइटांना एक गीगाबाइट म्हणतात. मापाचे नाव एकच असून मापे दोन आहेत.

वेगाची चिन्हे

खरा गोंधळ होतो तो वेगाच्या चिन्हांत. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात २, ४, ६ किंवा १० हा आकडा असतो. दर सेकंदास निदान इतके मेगाबाइट सलग लिहिले जातील, असा त्याचा अर्थ. यू अक्षराच्या पोटात १ किंवा ३ असतो. तेथे १ म्हणजे १० मेगाबाइट व ३ म्हणजे ३० मेगाबाइट. व्ही अक्षरापुढे ६, १०, ३०, ६० किंवा ९० असतो आणि येथे पुन्हा आकडा म्हणजेच मेगाबाइट. म्हणजे सीतील १०, यूतील १ आणि व्हीपुढील १० ही तीन भिन्न चिन्हे लेखनाचा एकच किमान वेग सांगतात. तिन्ही चिन्हे पाहून कार्ड तिप्पट चांगले आहे असे समजू नये.

ह्यांशिवाय यूएचएस ह्या अक्षरांबरोबर रोमन आकड्यांत एक, दोन अथवा तीन लिहिलेले असते. पुष्कळदा तेथे नुसत्या उभ्या रेघाच दिसतात. हा वेगाचा वर्ग नसून माहिती ज्या मार्गाने जाते त्या मार्गाची कमाल सांगणारा आकडा आहे. पहिल्या मार्गाची कमाल सेकंदास १०४ मेगाबाइट, दुसऱ्याची ३१२ आणि तिसऱ्याची ६२४. रस्ता किती रुंद आहे हे एक, आणि गाडी निदान किती वेगाने धावेल हे दुसरे. यूच्या पोटातील १ आणि शेजारची उभी रेघ दोन्ही ‘एक’ असल्याने ग्राहक त्यांची गल्लत करतात.

ए अक्षरापुढील १ किंवा २ हा तिसराच प्रकार आहे. मोबाइलमधील प्रणाली कार्डावरून चालवावयाच्या असतील तर लहान लहान तुकडे विखुरलेल्या जागांवरून वाचावे लागतात. ए १ असलेल्या कार्डाने सेकंदास असे निदान १,५०० तुकडे वाचले पाहिजेत व ५०० लिहिले पाहिजेत. ए २ साठी हेच आकडे ४,००० व २,००० आहेत. ए २ चा पूर्ण लाभ मिळण्यास उपकरणही तशा रचनेचे असावे लागते.

शेवटी, वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘२०० मेगाबाइटपर्यंत’ असे लिहिलेले असते. ही संख्या बहुधा वाचनाची असते, लेखनाची नव्हे. आणि ती कमाल असते, किमान नव्हे. पहिल्या मार्गाची प्रमाणित कमाल १०४ असताना २०० ही संख्या कशी आली, असा प्रश्न चौकस वाचकास पडेल. असे वेग उत्पादकाच्या स्वतःच्या खास पद्धतीने व तिला अनुरूप अशा वाचक-उपकरणातच मिळतात. पाणी, धक्का, क्ष-किरण ह्यांपासून संरक्षणाची जी चित्रे छापतात तीही उत्पादकाचे स्वतःचे दावे असतात. एसडी असोसिएशनच्या वर्गीकरणात त्यांचा समावेश होत नाही.

जे कोणतेही चिन्ह सांगत नाही

छापलेले चिन्ह कोणालाही छापता येते. खोट्या कार्डावर खऱ्या कार्डाचीच सर्व चिन्हे असतात. त्यातील सर्वांत घातक प्रकार म्हणजे खोटी क्षमता. संगणक कार्डाची क्षमता मोजीत नाही. तो नियंत्रकाला विचारतो. नियंत्रकात फेरफार करून ८ गीगाबाइटच्या कार्डास ‘मी १२८ गीगाबाइटचा आहे’ असे सांगावयास लावता येते. दहा पोत्यांच्या कोठारावर असा कारकून नेमावा की जो शंभर पोत्यांची पावती लिहून देतो, तसाच हा प्रकार. पहिली दहा पोती नीट राहतात. त्यानंतरची कोठे जुन्या पोत्यांच्या जागी कोंबली जातात, कोठे सरळ बाहेर टाकली जातात. दुसऱ्या प्रकारात फाइलींच्या नावांची यादी कार्डाच्या आरंभी शाबूत राहते. त्यामुळे सारे ठीक आहे असे दिसते आणि फाइल उघडेपर्यंत नुकसान कळत नाही. एखाद्या ग्रंथालयाने जीर्ण पोथीची पाने अशा कार्डावर उतरविली आणि मूळ पोथी पुढे वाळवीने खाल्ली, तर त्या पोथीचे दुसरे रूप कोठेच उरत नाही.

नियंत्रक हा संगणक असल्याने दुसरीही एक शक्यता संभवते. डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्ग येथील एका परिषदेत अँड्र्यू हुआंग व शॉन क्रॉस ह्या दोघा संशोधकांनी, काही कार्डांच्या नियंत्रकात बाहेरून नवा कार्यक्रम भरता येतो, हे प्रयोगाने दाखविले. असे कार्ड दाखवील एक आणि करील दुसरेच. प्रत्येक कार्ड असे असते असा ह्याचा अर्थ नाही. परंतु अनोळखी ठिकाणी मिळालेले किंवा रस्त्यावर सापडलेले कार्ड कार्यालयाच्या संगणकात घालू नये, ह्या सल्ल्यास त्यामुळे भक्कम आधार मिळतो.

पुसलेली माहितीही बहुधा पुसली जात नाही. फाइल खोडली असता अनुक्रमणिकेतील तिची नोंद रद्द होते. पाने ग्रंथातच राहतात. काही कार्डांच्या वेष्टनात हरवलेल्या फाइली परत मिळविण्याच्या सॉफ्टवेअरची कूपने मिळतात. मालकास जे परत मिळविता येते ते दुसऱ्यासही मिळविता येते, हे येथे विसरू नये. ब्रिटनमधील हर्टफर्डशर विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरून विकलेली १०० कार्डे तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश कार्डांवर पूर्वीच्या मालकांची माहिती सापडली.

व्यवहारात काय करावे

पहिली गोष्ट खरेदीची. भारतात वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये वेष्टनावर उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे आवश्यक आहे. ह्या ओळी नसतील तर कार्ड घेऊ नये आणि पावती अवश्य जपावी. किंमत इतरांपेक्षा फारच कमी असेल तर शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट परीक्षेची. नवे कार्ड आणताच ते पूर्ण भरून व परत वाचून पाहावे. ह्यासाठी विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री ही विनामूल्य साधने आहेत. कार्ड अर्धे भरून भागत नाही, कारण खोट्या कार्डाचा आरंभीचा भाग खराच असतो. सेकंदास १० मेगाबाइट ह्या वेगाने १२८ गीगाबाइट भरण्यास साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. पण हा वेळ व्यर्थ जात नाही.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. कार्डावर विद्यार्थ्यांची किंवा वाचकांची खाजगी माहिती ठेवावयाची असेल तर ती आधी कूटबद्ध करावी. कूटबद्ध करणे म्हणजे किल्लीवाचून उलगडणार नाही अशा रूपात माहिती लिहिणे. बिटलॉकर, व्हेराक्रिप्ट अशा साधनांनी हे करता येते. अँड्रॉइडच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून कार्ड मोबाइलचा अंतर्गत भाग म्हणून स्वीकारण्याची सोय निघाली. ज्या मोबाइलमध्ये ती आहे तेथे असे स्वीकारलेले कार्ड कूटबद्ध होते; मात्र मग ते दुसऱ्या उपकरणात वाचता येत नाही आणि तो मोबाइल बिघडला तर कार्डावरील माहितीही दुरावते. किल्ली हरवली तर मालकही बाहेरच राहतो, हे ध्यानात ठेवून ती जपावी.

चौथी गोष्ट प्रतींची. कार्ड हे माहिती वाहून नेण्याचे साधन समजावे, ती कायम जतन करण्याचे नव्हे. महत्त्वाच्या माहितीच्या निदान दोन प्रती निराळ्या साधनांवर, निराळ्या जागी ठेवाव्यात.

पाचवी गोष्ट निरोपाची. कार्ड विकण्यापूर्वी किंवा देऊन टाकण्यापूर्वी एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटर ह्या साधनातील पुनर्लेखनाचा पर्याय निवडून सर्व कार्डावर नव्याने लिहावे. तरीही झिजलेल्या वा राखीव कप्प्यांत काही अंश उरण्याचा संभव असल्याने, ज्यावर फार नाजूक माहिती होती असे कार्ड देऊ नये. ते फोडून टाकावे.

एवढे ध्यानात ठेवले म्हणजे वेष्टनावरील चिन्हांची दाटी गोंधळात टाकीत नाही. ती आकार, क्षमता आणि वेग सांगतात व तेवढ्यापुरती उपयोगाचीही आहेत. कार्ड खरे आहे की नाही हे परीक्षेने कळते. माहिती टिकेल की नाही हे प्रतींवर अवलंबून असते. आणि ती खाजगी राहील की नाही हे कूटलेखनावर. ही तिन्ही कामे कार्ड वापरणाऱ्यालाच करावी लागतात.